दाखल्यावर न आलेला फ्लू

२०१५ साली भारतात स्वाइन फ्लूने २,९९० माणसं दगावली. २०१६ मध्ये २६५. २०१७ मध्ये पुन्हा सव्वादोन हजारांवर. हे सरकारी तक्त्यातले आकडे आणि ते खोटे नाहीत. त्यातल्या प्रत्येक मृत्यूमागे प्रयोगशाळेचा पॉझिटिव्ह रिपोर्ट आहे. पण हा तक्ता पुढे करून कुणी म्हणालं, की २०१६ मध्ये फ्लूने फारसं कुणी गेलंच नाही, तर मला राहवत नाही. तो तक्ता एकट्या एच१एन१चा, म्हणजे स्वाइन फ्लूचा आहे. एच३एन२ने किंवा बी प्रकाराने गेलेल्यांना त्यात रकानाच नाही. आणि ज्यांच्या घशातला नमुना कुणी घेतलाच नाही, ते तर कुठेच नाहीत.

साथीच्या मृत्यूंचा अंदाज बांधणं हे माझं काम. अंदाज म्हटलं की लोकांना हवेतला आकडा वाटतो. पण या कामाला पावणेदोनशे वर्षांची शिस्त आहे. १८४७च्या हिवाळ्यात लंडनमध्ये फ्लूची साथ आली, तेव्हा विल्यम फार यांनी मृत्यूंच्या नोंदी घेतल्या, एरवी त्या मोसमात किती माणसं जातात ते पाहिलं आणि त्यावरचे मोजले. ते पाच हजारांच्या घरात निघाले. त्यांतल्या पुष्कळांच्या नोंदीत फ्लूचं नावही नव्हतं. न्यूमोनिया होता, दमा होता. १९६३ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट सर्फलिंग यांनी या ‘एरवी’ला गणिती वक्ररेषेत बसवलं. आम्ही आजही त्याच वाटेने जातो, फक्त हातात सामग्री जास्त आहे.

दर आठवड्याचे मृत्यू एका बाजूला मांडायचे. दुसऱ्या बाजूला, त्या आठवड्यात तपासलेल्या नमुन्यांपैकी किती टक्क्यांत एच१एन१ सापडला, किती टक्क्यांत एच३एन२, किती टक्क्यांत बी. तिघांना एकत्र कालवायचं नाही, कारण तिघांची चाल वेगळी. एच३एन२चा हंगाम म्हाताऱ्या माणसांवर उठतो. २००९चा एच१एन१ तरुणांच्या जिवावर उठला. १९५७च्या आधी जन्मलेल्या अनेकांना लहानपणीच त्याच्या भाऊबंदांची लागण होऊन गेली होती, त्यांना त्या जुन्या ओळखीने थोडंफार तारलं. शिवाय विषाणू एका जागी उभा राहत नाही. २००९पासूनचा ‘कॅलिफोर्निया’ हा एच१एन१ मागे पडून २०१७ मध्ये आपल्याकडे ‘मिशिगन’ आला. त्यामुळे गेल्या हंगामात शंभर आजाऱ्यांमागे किती दगावले, तो हिशोब यंदाला जसाच्या तसा लावता येत नाही. सगळं मांडून झालं, की गणितात फ्लू शून्यावर आणायचा आणि विचारायचं, आता किती मृत्यू उरले? जेवढे कमी झाले, तेवढे फ्लूचे.

लिहायला सोपं आहे. महाराष्ट्रात करायला बसलं की पहिली अडचण पावसाची. युरोप-अमेरिकेत फ्लू हिवाळ्यात येतो, आपल्याकडे त्याचा मोठा जोर जुलै ते सप्टेंबर आणि पुढे जानेवारी-मार्चमध्ये आणखी एक उसळी. भर पावसाळ्यात डेंग्यू असतो, लेप्टो असतो, लहान मुलांच्या छातीला धरणारा आरएसव्ही असतो. मृत्यूंची रेघ वर गेली, पण ती कुणी नेली? नमुन्यांच्या टक्केवारीची रेघ तिच्यासोबत वर-खाली होते का, हे पाहत राहावं लागतं. चांगली तीन-चार वर्षांची आठवड्यावार नोंद हाताशी नसेल, तर मी आकडा देत नाही.

दुसरी अडचण दाखल्याची, आणि माझ्या मते खरी हीच. मृत्यूचं कारण लिहिण्याचा नमुना क्रमांक ४ बघा. त्यात ओळी आहेत अ, ब, क. ‘अ’ मध्ये शेवटचं कारण, ‘ब’ मध्ये ते कशामुळे झालं, ‘क’ मध्ये सगळ्याची सुरुवात कुठून. खाली दुसऱ्या भागात मधुमेह, रक्तदाब असे सोबतचे आजार. आता ऑगस्टमध्ये भरलेला असा एखादा कागद हातात येतो: बाई, वय सत्तरीच्या पुढे. ‘अ’: कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट. ‘ब’ कोरी. ‘क’ कोरी. हृदय आणि श्वास थांबणं हे तर मरणच झालं, कारण नव्हे. त्या बाईंना आठवडाभर ताप होता का, घरात नातवंडं खोकत होती का, हे विचारायला कागदावर जागा होती. ती कुणी वापरली नाही. फ्लूची लागण झाल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात हार्ट अटॅकचा धोका सहापट असतो, असं कॅनडात २०१८ साली झालेल्या अभ्यासात दिसलं. म्हणूनच आम्ही न्यूमोनियाच्या मृत्यूंबरोबर हृदयविकाराचेही मृत्यू गणितात घेतो. आणि देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी वैद्यकीय कारणाचा दाखला मिळतो साधारण पाचांतल्या एकाला.

एवढ्या कच्च्या मालातूनही काही हाती लागतं. २०१० ते २०१३ या वर्षांसाठी भारतात फ्लूशी जोडलेले श्वसन आणि रक्ताभिसरणाच्या विकारांचे मृत्यू वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास निघाले. कक्षा साधारण ६४ हजार ते १ लाख ९० हजार. वार्ताहर मला म्हणतात, मॅडम, एकच आकडा सांगा. मी दोन्ही टोकं सांगते. त्या दोन टोकांमधलं अंतर म्हणजे आपल्याला काय ठाऊक आहे आणि काय नाही याची मोजणी आहे, आणि ती सव्वा लाखाइतकीच महत्त्वाची आहे. २००९च्या जागतिक साथीत प्रयोगशाळेने शिक्का मारलेले मृत्यू साडेअठरा हजार होते. नंतरच्या अभ्यासाने सांगितलं, दीड ते पावणेसहा लाख, मधला आकडा दोन लाख ८४ हजार. पंधरापट.

आणि १९१८ची फ्लूची साथ? मुंबई इलाख्यात त्या ऑक्टोबरात गावकामगारांच्या नोंदवहीत बहुतेक मृत्यू नुसत्या ‘ताप’ या सदरात गेले. नोंदवणारेही आजारी पडले, काही मेले. सुरुवातीच्या सरकारी अहवालाने भारतासाठी साठ लाख म्हटलं. १९२१ची शिरगणती हाती आल्यावर तो आकडा दुपटीवर गेला. पुढे किंग्जली डेव्हिस यांनी तो एक कोटी ८५ लाखांपर्यंत नेला, तर अलीकडच्या अभ्यासाने एक कोटी ३९ लाखांच्या घरात आणला. या शेवटच्या दोन अंदाजांमध्येच लाखो माणसांचा फरक आहे. ही भांडणं मला कोरडी वाटत नाहीत. त्या फरकातलं प्रत्येक माणूस कुणाच्या तरी घरात मेलं होतं.

लस कुणाला आधी द्यायची, पावसाळ्यापूर्वी किती साठा मागवायचा, साठीच्या पुढच्यांसाठी सरकारने पैसे खर्च करावेत का, हे सगळं या आकड्यांवर ठरतं. त्यामुळे दवाखान्यात रात्रपाळी करणाऱ्या डॉक्टर मंडळींना माझी विनंती आहे. दमलेले असाल, बाहेर नातेवाईक घाई करत असतील, तरी ‘ब’ आणि ‘क’ या ओळी कोऱ्या सोडू नका. ताप कधीपासून होता ते विचारा, न्यूमोनिया असेल तर लिहा, फ्लूचा संशय असेल तर संशय म्हणून लिहा.