पाठमोरे

डिसेंबर १९६४. मुंबईच्या ओव्हल मैदानावर आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेस भरली होती. आम्ही दोघे भाऊ कामतघरहून स्वयंसेवक म्हणून गेलो. काम एवढेच: दोर धरायचा आणि तोंड गर्दीकडे ठेवायचे. ३ तारखेला पोप पॉल सहावे यांनी तेथे सहा जणांना बिशपपदाची दीक्षा दिली. भारतात आलेले ते पहिलेच पोप. आम्हांस मात्र दिसले ते समोरच्यांचे डोळे, आणि दोराखालून रांगत पुढे येऊ पाहणारी एक म्हातारी. आम्ही तिला मागे सारले. नियम चुकीचा नव्हता. पण तिच्या खांद्याचे हाड हाताला लागले, ते अजून जाणवते.

घरी आईने विचारले, "दिसले का रे?"

"दिसले," आम्ही म्हणालो.

तिने आमचे हात कपाळाला लावले.