स्टिअरिंग जड झालं तर

मैत्रिणींनो, बडकस चौकातून केळीबाग रोडकडे वळताना स्टिअरिंग एकाएकी दगडासारखं जड झालं, समोर दिवा लागला आणि मागचा ऑटोवाला हॉर्न बडवतोय, अशी वेळ आपल्यापैकी कुणावरही येऊ शकते. घाबरू नका. आजच्या गाड्यांत आपल्या हाताच्या जोराला मदत करणारी विजेची मोटर असते. सुझुकीने 1988 मध्ये जपानात आपल्या सर्व्हो या छोट्या गाडीला ती बसवली. मोटर थांबली तरी स्टिअरिंगचा दांडा चाकांना जोडलेलाच असतो. गाडी वळते, फक्त दोन्ही हातांनी जोर लावावा लागतो. पहिल्या मारुती 800 ला तरी कुठे होती मदत? गाडी सावकाश कडेला घ्या, बंद करून पुन्हा सुरू करा. कधी कधी एवढ्यानेच दिवा विझतो.

ही मोटर बॅटरीवर चालते, आणि खरी मेख बहुधा तिथेच असते. आमची गाडी मे महिन्यात सकाळी जड, थोडी चालली की बरी, असं करू लागली. गॅरेजवाला म्हणाला, "पुरा कॉलमच बदलवा लागते, मॅडम." आकडा ऐकून आमच्या ह्यांनी हातातला चहा खाली ठेवला! मी म्हटलं, आधी बॅटरी मोजा. गाडी बंद असताना 12.6 व्होल्टच्या आसपास, सुरू असताना साधारण 13.5 ते 14.5 हवेत. आमची बंद गाडीत 11.9 भरली. नागपूरचा उन्हाळा बॅटरीला सोसत नाही. नवी बसवली, दिवा गेला.

बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी पूड साचली असेल तर खायचा सोडा पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने घासा. गाडी बंद हवी, बांगड्या-अंगठ्या काढलेल्या हव्यात. काळी तार आधी सोडवायची नि शेवटी लावायची. टायरमधली हवाही बघा. ती कमी असली तरी स्टिअरिंग जड लागतं, मात्र हा दिवा लागत नाही.

महालातल्या गल्लीत गाडी लावताना स्टिअरिंग टोकापर्यंत फिरवून तसंच दाबून धरू नका. तापलेला मिक्सर बंद पडतो ना, तशी ही मोटरही तापली की मदत आवरती घेते. निवली की पूर्ववत होते.

दिवा वारंवार लागला, गाडी एका बाजूला ओढू लागली किंवा खडखड ऐकू आली, तर मात्र घरचे उपाय पुरे. गॅरेजमध्ये स्कॅनर लावायला सांगा आणि दोषाचा कोड कागदावर लिहून मागा. तो हाती येईपर्यंत कॉलमच्या कामाला होकार देऊ नका.