जिवंत माणसांपुढे ‘कै.’

सोमवार सकाळ. अजून चहासुद्धा झाला नव्हता आणि फोन वाजला. क्लायंटकडचे साहेब होते. ‘‘मॅडम, काय पाठवलंत हे? काउंटरवर लोक भांडायला आलेत. चांगल्या हिंडत्या-फिरत्या माणसांना तुम्ही कैलासवासी केलंय!’’

आधी हसूच आलं. मग आठवलं, ती क्वेरी माझीच होती.

क्लायंट म्हणजे एक पतसंस्था. मुदत ठेवींची मुदत संपत आली की पत्रं जायची. खातेदार हयात असेल तर पत्र त्याच्या नावे. वारला असेल तर नॉमिनीच्या नावे, आणि मजकुरात ‘कै. अमुक अमुक यांच्या ठेवीबाबत’ अशी ओळ. म्हणजे एकाच कॉलममध्ये कधी या फील्डमधलं नाव, कधी त्या. अशा वेळी एसक्यूएलमध्ये ‘केस’ वापरतात. तुम्ही या धंद्यातले नसाल तर थोडक्यात फंडा सांगते. कॅन्टीनमध्ये आपण काय म्हणतो? थाळी असेल तर थाळी, नाहीतर मिसळ, तीही संपली असेल तर चहा-बिस्कीट. बस्स, तेच! अटी वरून खाली तपासल्या जातात, पहिली जी खरी ठरेल तिथलं उत्तर मिळतं, आणि एकही जुळली नाही तर ‘एल्स’मध्ये लिहिलेलं. एल्स लिहिलंच नसेल तर ‘नल’. १९९२च्या स्टँडर्डपासूनची ही सोय. ओरॅकल असो की मायएसक्यूएल, सगळीकडे चालते.

आता हा नल म्हणजे महा-आगाऊ प्राणी. तो शून्य नाही. तो म्हणजे ‘माहीत नाही’. दोन बंद पाकिटं समोर ठेवून कुणी विचारलं, आतल्या रकमा सारख्या आहेत का, तर तुम्ही काय सांगाल? माहीत नाही! डेटाबेसही तेच सांगतो. नल बरोबर नल, हे त्याच्या लेखी कधीच खरं होत नाही. म्हणून ‘इज नल’ असं वेगळं विचारावं लागतं. हे मला कॉलेजपासून पाठ होतं. इंटरव्ह्यूत मी हाच प्रश्न इतरांना विचारते, बोला!

आणि शुक्रवारी संध्याकाळी, डेडलाइनच्या घाईत, मी लिहिलं काय? केस मृत्यूची तारीख, व्हेन नल देन खातेदार, एल्स नॉमिनी. वाचायला किती सरळ! तारीख नाही म्हणजे माणूस आहे. पण ती अट कुणासाठीच खरी होणार नव्हती. सगळे एल्समध्ये. नॉमिनीचं नाव दिलेल्या प्रत्येक खातेदाराच्या घरी, त्याच्या बायकोच्या किंवा मुलाच्या नावे पत्र, आत ‘कै.’. एररसुद्धा आली नाही. आली असती तर वाचले असते.

टेस्टिंग नव्हतं का केलं? केलं होतं ना. पाच रेकॉर्ड्स काढून एकेक नाव तपासलं होतं. पाचही वारलेल्यांची.

त्याला कारण होतं. बाबांना जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं आणि एका बँकेची पत्रं अजून त्यांच्याच नावे यायची. दोनदा अर्ज दिला, दाखल्याची झेरॉक्स दिली, तरीही. आई प्रत्येक पत्र उघडायची, चष्मा लावून शेवटपर्यंत वाचायची आणि बाबांच्या कपाटात ठेवायची. आपल्या क्वेरीतून असं एकही पत्र जाता कामा नये, एवढंच डोक्यात होतं. जिवंत माणसं तपासायची असतात हे सुचलंच नाही.

क्वेरी दुरुस्त करायला दोन मिनिटं लागली. तारीख ‘इज नल’ असेल तर खातेदार. तारीख आहे आणि नॉमिनीही आहे, तर नॉमिनी. आणि एल्समध्ये कुणाचंच नाव नाही, फक्त ‘तपासा’. ज्याचं आपल्याला कळत नाही, त्याचं पत्र माणसानं बघून पाठवावं.

माफीचे फोन मात्र मीच करते म्हटलं. लीड म्हणाला, ‘‘कशाला? ते करतील.’’ मी ऐकलं नाही. सुधारलेली पत्रं गेलीच, पण ज्यांनी तक्रार केली होती त्यांची यादी मागवून घेतली. एक आजी खूश होत्या. मेल्याची बातमी उठली की आयुष्य वाढतं म्हणे! एका काकांनी दहा मिनिटं झापलं. झापू दे.

शेवटचा फोन सांगलीच्या एका गृहस्थांचा. आवाज शांत. म्हणाले, ‘‘दीड महिन्यापूर्वीच माझी बायपास झालीय. पत्र हिच्या नावे आलं. हिनं ते दोन दिवस लपवून ठेवलं होतं. मला सापडलं तांदळाच्या डब्यात.’’

मला बोलायलाच सुचेना. ‘सॉरी काका’ एवढंच आलं तोंडातून.

‘‘असू दे गं,’’ ते म्हणाले. ‘‘एक काम करशील? ती ठेव आता दोघांच्या नावे करायचीय. संस्थेला फॉर्म पाठवायला सांग. आणि हे बघ, पाकिटावर नाव माझं घाल.’’