सायकलवरून पाहिलेली अमेरिकेची जिरायत

अमेरिकेची शेती म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे काय उभे राहते ते मला ठाऊक आहे. क्षितिजापर्यंत पसरलेले एकच शेत आणि त्यात घराएवढे यंत्र. आमच्या खात्याने गावोगाव दाखवलेल्या चित्रफितींनीच ते चित्र तुमच्या मनात भरवले. ते खोटे नाही, पण ते मोटारीच्या काचेतून पाहिलेले चित्र आहे. मी ती शेती सायकलवरून, एकट्याने, ताशी पंधरा किलोमीटरच्या चालीने पाहिली आणि मला दिसले ते जरा निराळे होते.

सायकल मला नवी नाही. बी.एस्सी. ॲग्री होऊन नोकरीला लागलो तेव्हा पहिली सहा वर्षे माझ्या वाट्याच्या अकरा गावांत मी सायकलवरच फिरलो. कॅरिअरला बियाण्याची पिशवी आणि हँडलला डबा. चालत्या सायकलवरून पिकावरचा मावासुद्धा दिसतो, आणि बांधावरचा माणूस हाक मारतो. जीप मिळाल्यावर या दोन्ही गोष्टी गेल्या.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये थोरल्या मुलीकडे डेन्व्हरला गेलो होतो. तिथे कळले, की अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत सायकलवाल्यांचा एक ठरलेला मार्ग आहे. पश्चिमेला ऑरेगन राज्यातले अ‍ॅस्टोरिया, पूर्वेला व्हर्जिनियातले यॉर्कटाउन. लांबी सुमारे ४,२०० मैल, म्हणजे पावणेसात हजार किलोमीटर. त्या देशाच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षे झाली त्या १९७६ साली हा मार्ग आखला आणि त्याच उन्हाळ्यात चार हजारांवर लोक त्यावरून गेले. मोठे रस्ते टाळून मुद्दाम खेड्यापाड्यांतून तो नेला आहे. अख्खा मार्ग करायला अडीच-तीन महिने हवेत. माझ्याकडे होता एक आठवडा. म्हणून कोलोरॅडोतल्या प्वेब्लो शहरापासून कॅन्सस राज्यातल्या लार्नेडपर्यंतचा तुकडा निवडला. साधारण साडेपाचशे किलोमीटर, सगळा कोरडवाहू मुलखातला.

मुलगी म्हणाली, ''बाबा, तिथे बघण्यासारखं काही नाही. लोक तो भाग झोपेत ओलांडतात.'' तिची आई म्हणाली, ''अहो, गणपतीच्या आत परत या म्हणजे झालं.'' जावईबापूंनी मात्र मुकाट्याने सायकलच्या टायरमध्ये दाट पट्टी बसवून दिली. ती का बसवली ते पहिल्याच दिवशी समजले.

२ सप्टेंबरला सकाळी प्वेब्लो सोडले. सोबत तंबू, तीन बाटल्या पाणी, पंप, सुट्या ट्यूबा आणि दशम्या. पंधरा मैलांवर सावलीला थांबलो, टायर पाहतो तो त्यात आपला सराटा! होय, तोच, ज्याला कोणी काटे गोखरू म्हणतात. बैलाच्या खुरात नि पोरांच्या तळव्यात घुसणारा. वेल खाली पसरलेला, पिवळी फुले, तेच पान. तो तिथे आपल्या बाजूच्या जुन्या जगातून गेला आणि आता तिथल्या सायकलवाल्यांचा वैरी झाला आहे. परक्या मुलखात ओळखीचे पहिले कोणी भेटले ते हे असे.

हा रस्ता आर्कान्सा नदीच्या खोऱ्यातून जातो. डावी-उजवीकडे शेते दिसतात, पण त्यांत पीक नाही. बांध आहेत, चाऱ्या आहेत, पाणी सोडायच्या दारांच्या लोखंडी चौकटी आहेत आणि वावरात कमरेएवढे तण. कुठे तेही नाही, नुसती भुरकी माती. हे रान कधीकाळी भिजत होते हे कोणाही शेतकऱ्याला सांगावे लागू नये.

संध्याकाळी ऑर्डवे गावी गावच्या बागेत तंबू ठोकला. या मार्गावरची बरीच गावे सायकलवाल्यांना बागेत फुकट उतरू देतात. बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. मी शेतीखात्यातला माणूस, तेही भारतातला, म्हटल्यावर ते बोलू लागले. पुढे सांगतो ती हकीकत काही त्यांच्या तोंडची, काही मी नंतर वाचलेली.

शेजारी शुगर सिटी नावाचे गाव आहे. शुगर सिटी म्हणजे आपल्या भाषेत साखरनगर. १९०० च्या सुमारास तिथे साखर कारखाना उभा राहिला. ऊस नव्हे, साखरबीट. गाजरासारखे जमिनीत वाढणारे कंद. नदीतून कालवा काढलेला. त्या क्राउली काउंटीत, काउंटी म्हणजे आपला तालुका धरा, पन्नास हजार एकरांच्या आसपास बागायत होती. बीट, टोमॅटो, खरबुजे, लसूणघास. १९६७ साली कारखाना बंद पडला. हुकमी पैशाचे पीक गेले. आणि त्याच वेळी शहरांची माणसे दारात येऊ लागली.

इथे त्यांचा कायदा समजून घ्यायला हवा. आपल्याकडे पाटाच्या पाण्याची पाळी मिळते, पाणी आपल्या मालकीचे नसते. कोलोरॅडोत ज्याने आधी पाणी वापरले त्याचा हक्क पहिला, आणि तो हक्क जमिनीपासून तोडून विकता येतो. कालवा शेतकऱ्यांच्या कंपनीचा, ज्याच्या त्याच्या नावावर भाग, आपल्या कारखान्याच्या शेअरसारखे. कोलोरॅडो स्प्रिंग्ज, ऑरोरा, प्वेब्लो ही वाढती शहरे. त्यांनी १९७० आणि १९८० च्या दशकांत ते भाग विकत घेतले. भाव शेतीच्या उत्पन्नापेक्षा कितीतरी चांगला होता.

''माझ्या वडिलांनी विकलं,'' म्हातारबाबा म्हणाले. ''त्यांना दोष देऊ नका. कर्ज होतं, गुडघे गेले होते, आणि मी शहरात नोकरीला होतो.''

काही जणांनी विकले नाही. पण कालव्याचे एक गणित असते, ते आपल्या लाभक्षेत्रातल्या टेलच्या शेतकऱ्याला न सांगता कळेल. कालवा भरून वाहतो तेव्हा पाझर नि बाष्पीभवन सगळ्यांत वाटले जाते. पाणी घेणारे थोडे उरले की तीच गळती थोड्यांच्या डोक्यावर बसते. चारीची साफसफाई, पाटकऱ्याचा पगार, सगळे तसेच. न विकणाऱ्याचेही पाणी असे अर्ध्या वाटेत संपते. आज त्या पन्नास हजार एकरांतला जेमतेम दहावा हिस्सा भिजत असेल. अवजारांचे दुकान गेले, मग बँक, मग वर्गातली मुले. आता तिथे भरवशाची नोकरी म्हणजे तुरुंगाची. एक सरकारी, एक खासगी असे दोन मोठे तुरुंग त्या एवढ्याशा काउंटीत आहेत, आणि शिरगणतीत कैद्यांची डोकी गावकऱ्यांतच मोजली जातात.

दुसऱ्या दिवशी शुगर सिटीतून गेलो. दोन-अडीचशे वस्ती. कारखान्याच्या गावी मी नोकरीची नऊ वर्षे काढली आहेत. मळीच्या वासाशिवाय असले गाव मला कल्पनेतही आणता येत नाही. इथे वास होता कोरड्या मातीचा. थांबलो नाही.

पुढे ईड्सपर्यंत शंभर किलोमीटरच्या टप्प्यात पाणी भरून घ्यायला जागा एखाददुसरीच. दक्षिणेचा वारा उजव्या कानशिलावर सारखा. तिसऱ्या दिवशी ईड्सच्या पुढे चिव्हिंग्टन नावाची ओसाड वाडी लागली. इथून उत्तरेला सँड क्रीकच्या काठी २९ नोव्हेंबर १८६४ रोजी शायान आणि अरापाहो लोकांच्या छावणीवर घोडदळ चालून गेले आणि दोनशेच्या वर माणसे मारली. बहुतेक बायका, मुले, म्हातारे. त्या सैन्याच्या कर्नलचे नाव आजही या वाडीला आहे. २००७ पासून ती जागा राष्ट्रीय स्मारक म्हणून जपली आहे. पाणी कोणी कोणाला विकले याचा हिशेब मी दोन दिवस मांडत होतो. जमीन मुळात कोणाची होती हा हिशेब त्याच्याही आधीचा.

कॅन्ससच्या हद्दीत रस्त्याकडेला रानटी सूर्यफुले सुरू झाली. ते त्या राज्याचे फूल आहे. आणि मग दोन्ही बाजूंना ज्वारी! वाचकहो, ज्वारीच, पण मांडीएवढी बुटकी, कणसे तांबडी, ताट जाड. तिथले लोक तिला मायलो म्हणतात. भाकरी कोणी करत नाही, जनावरांना घालतात नाहीतर परदेशी पाठवतात. एक कणीस हातावर चोळून दाणा तोंडात टाकला. मालदांडीची गोडी नाही, एवढेच सांगतो.

ट्रिब्यून या गावी विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे म्हणून एक दिवस राहिलो. वर्षाचा पाऊस साडेचारशे मिलिमीटर, म्हणजे आपल्या माण-आटपाडीच्या जवळपास. त्यावर ते तीन वर्षांत दोन पिके घेतात: गहू, मग ज्वारी, मग रान पड. नांगर घालत नाहीत. गव्हाचे धसकट उभेच ठेवतात, त्यात हिवाळ्याचा बर्फ अडतो आणि उन्हाळ्यात माती झाकलेली राहते. बिननांगरटीच्या रानात ज्वारी नांगरलेल्यापेक्षा भरघोस येते हे त्यांनी तीसएक वर्षे त्याच त्या तुकड्यांवर पेरून ताडून पाहिले आहे. आपल्याकडे धसकटे वेचून जाळायची घाई असते त्यांनी याचा विचार करावा. मात्र आपल्याकडे ते चुलीलाही लागते, हे मी तिथल्या शास्त्रज्ञांना समजावून सांगितले.

त्या ग्रीली काउंटीचे क्षेत्र दोन हजार चौरस किलोमीटर आणि माणसे जेमतेम तेराशे. सायकलवर तासन्‌तास माणूस दिसत नाही. दिसते ते पुढच्या गावचे धान्याचे कोठार. सिमेंटचे पांढरे उंच नळकांडे, पंधरा किलोमीटरवरून दिसणारे. ते दिसल्यावर गाव आले असे वाटते आणि पुढे तासभर ते येतच नाही.

ट्रिब्यून सोडून पुढच्या काउंटीत शिरताना घड्याळ एक तास पुढे करावे लागते. त्या काउंटीचे नाव विचिटा, गाव लिओटी. तिथे खाणावळीत चहा मागितला, मिळाली कॉफी. चार शेतकरी बसले होते, सगळे साठीच्या पुढचे. मी भारतातला म्हटल्यावर एकाने पहिला प्रश्न विचारला तो हा: ''तुमच्याकडे बोअर किती खोल जातं?''

मी म्हणालो, ''कुठे पाचशे फूट, कुठे आठशे. पाणी लागेलच असं नाही.''

त्याने कप खाली ठेवला.

त्या मुलखाखाली ओगलाला नावाचा पाण्याचा प्रचंड साठा आहे, आठ राज्यांच्या पोटात पसरलेला. त्यावर पंप बसवून गोल फिरणारी तुषार यंत्रे लावली. १६० एकरांच्या चौकोनात सव्वाशे एकरांचे हिरवे वर्तुळ. मका पिकला, मक्यावर गुरे पोसली. पण पश्चिम कॅन्ससमध्ये त्या साठ्यात वर्षाला मुरते इंचभरसुद्धा नाही, आणि उपसा त्याच्या कितीतरी पट. वाटेत मी गंजून उभी राहिलेली यंत्रे पाहिली होती. त्या गृहस्थांच्या वडिलांच्या काळी मिनिटाला हजार गॅलन देणारी त्यांची विहीर आता दीडशेवर आली आहे.

कॅन्ससमधल्याच शेरिडन काउंटीच्या एका भागात शेतकऱ्यांनी २०१३ पासून आपल्या आपण बंधन घातले. पाच वर्षांत मिळून एकरी ५५ इंच पाणी, जास्त नाही. पूर्वीपेक्षा पाचवा हिस्सा कमी. मीटर बसवलेले, हुकूम सरकारी, पण मागणी शेतकऱ्यांची. मका थोडा घटला, ज्वारी वाढली, डिझेल आणि खतांचा खर्च वाचला. विद्यापीठाने हिशेब केला तेव्हा नफा बुडालेला नव्हता, आणि पाण्याची पातळी खाली जाण्याचा वेग मंदावला होता. लिओटीच्या काउंटीने २०२१ मध्ये तीच वाट धरली.

''सोपं गेलं का?'' मी विचारले.

चौघांपैकी दोघे एकमेकांकडे पाहून हसले. ''आम्ही दोघे सख्खे चुलतभाऊ. दोन वर्षं चर्चच्या जेवणातसुद्धा एका टेबलाला बसत नव्हतो. याचं म्हणणं, माझी विहीर अजून चांगली आहे, मी का कमी करू?''

''आणि आता?''

''आता त्याचीही उतरली,'' दुसरा म्हणाला, ''म्हणून बसतो.'' कॉफीचे पैसे त्यांनी मला देऊ दिले नाहीत.

स्कॉट सिटी, नेस सिटी ही गावे पुढच्या दोन दिवसांत झाली. गव्हाची पेरणीयंत्रे तेलपाणी करून खळ्यात उभी होती. नेस सिटी ते लार्नेड हा टप्पा सर्वांत लांब, पण वारा थोडा पाठीशी आला. सराट्याने एकंदर चार पंक्चर दिली, ती सगळी कोलोरॅडोतली.

शुक्रवारी संध्याकाळी लार्नेडला पोचलो. जावईबापू दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन येणार होते. सकाळी मोकळा वेळ होता म्हणून गावाबाहेर आर्कान्सा नदीवर गेलो. प्वेब्लोला पाहिली होती ती हीच नदी, डोंगरातल्या बर्फाच्या पाण्याची. तिच्या पाण्यावरून या दोन राज्यांत १९४८ मध्ये करार झाला, १९८५ मध्ये कॅन्ससने कोलोरॅडोवर थेट सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, १९९५ मध्ये तो जिंकला आणि पुढे भरपाईही घेतली.

पुलावरून खाली पाहिले तर पात्रात पाणी नव्हते. वाळू होती, मधेच झुडपे उगवलेली, आणि कोणाच्या तरी गाडीच्या चाकोऱ्या. सायकल कठड्याला टेकवून खाली उतरलो. वरची वाळू तापलेली. आपल्याकडे उन्हाळ्यात नदीत झिरा काढतात तशी हाताने उकरत गेलो. कोपरभर खाली गेल्यावर ती ओलसर लागली. पाणी काही आले नाही.