खडखडाटातलं हसू

संपादकांनी यंदाच्या हास्य विशेषांकासाठी लेख मागितला तेव्हा मी आधी नाही म्हटलं. मी कान-नाक-घशाची डॉक्टर, भिवंडीत बावीस वर्षं दवाखाना चालवते. विनोदावर मी काय लिहिणार? पण त्यांनी प्रश्न घातला, ‘काही माणसं विनोदी नाटकालाही मोठ्याने का हसत नाहीत?’ आणि मला मागच्या वर्षीचे एक काका आठवले. त्यांचा विषय माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

काका साठीच्या आतबाहेरचे. मूळ सोलापूरकडचे, भिवंडीत पस्तीस वर्षं यंत्रमागावर. मुलगी कल्याणला दिलेली. जावयाने हौसेने सगळ्यांना ठाण्याला गडकरी रंगायतनला विनोदी नाटकाला नेलं. सगळं नाट्यगृह हसतंय आणि काका मख्ख. मध्यंतरात जावई म्हणाला, “आप्पा, आवडत नाही का?” काका म्हणाले, “चांगलंय की.” दुसऱ्या अंकातही तीच गत. जावयाला तो अपमान वाटला. मुलीला वाटलं, आई गेल्यापासून आप्पा आतून खचलेत. एका डॉक्टरांनी नैराश्याच्या गोळ्या दिल्या. चार महिने घेतल्या, झोप वाढली, हसू काही आलं नाही. माझ्याकडे आले ते वेगळ्याच कारणाने. कानात रात्रंदिवस रातकिडे ओरडतात म्हणून.

ध्वनिरोधक खोलीत बसवून मी त्यांचा ऑडिओग्राम काढला. भिवंडीत काम करणारा कोणताही कानाचा डॉक्टर तो आलेख झोपेतही ओळखेल. खालच्या पट्टीत रेघ जवळपास नॉर्मल, आणि ४००० हर्ट्झपाशी विहिरीत उतरावी तशी खाली. आमच्याकडे कारण शोधावं लागत नाही, ते रस्त्यावर ऐकू येतं. शांतीनगर, पद्मानगर, नारपोली, कुठल्याही गल्लीत उभे राहा. धोट्याचे जुने माग जिथे दाटीने चालतात तिथे आवाज शंभर डेसिबलच्या आसपास जातो. कारखान्यांसाठीचा आपला नियम ९० डेसिबलला आठ तास, ९५ ला चार तास आणि १०० ला फक्त दोन तासांची मुभा देतो. इथली पाळी असते बारा तासांची. आवाजाने येणारा बहिरेपणा कायद्याने सरकारला कळवण्याच्या रोगांमध्ये आहे. हे ज्याच्या कानाचं नुकसान झालंय त्याला बहुधा कोणी सांगितलेलंच नसतं. मी दर वेळी सांगते. सांगून कंटाळले, तरी सांगते.

४००० हर्ट्झच का? कानाची नळी म्हणजे एका टोकाला बंद असलेली छोटी पिपाणी. ३००० हर्ट्झच्या आसपासचा आवाज ती आपसूक वाढवते, आणि मार बसतो त्याच्या थोडा वर. आतल्या शंखात जन्मतः साधारण पंधरा हजार केसपेशी असतात. मेली ती मेली, माणसात ती पुन्हा उगवत नाही. हा भाग वाचकांना जड जाईल हे मला कळतं, पण पुढचं सगळं यावरच उभं आहे.

बोलण्यात स्वर आवाजाला ताकद देतात आणि व्यंजनं अर्थ देतात. स्वर खालच्या पट्टीतले, जोरकस. स, श, थ, फ, त, क हे बारीक, वरच्या पट्टीतले. मी माझ्या तोंडापुढे कागद धरून शब्द म्हटले आणि काकांना ते परत म्हणायला लावले. साप, ताप, शाप, थाप, काप. पाचही वेळा ते ‘ताप’ म्हणाले. त्यांना नुसतं ‘आप’ ऐकू येत होतं, पुढचं अक्षर ते अंदाजाने बसवत होते. रोजच्या बोलण्यात हा अंदाज चालून जातो. ‘जेवलात का’ हे अर्धं ऐकलं तरी कळतं. विनोदात नेमका तोच दगा देतो, कारण विनोदाचा शेवटचा शब्द ऐकणाऱ्याच्या अंदाजाबाहेरचा असावा लागतो. अंदाजावर जगणाऱ्या कानाकडून तोच निसटतो. वर, शब्द पडला रे पडला की आठशे माणसं हसतात, आणि त्या हशाखाली पुढची दोन वाक्यं गाडली जातात. चांगला नट हशा ओसरेपर्यंत थांबतो. दूरचित्रवाणीवर मागून जोडलेला हशा थांबत नाही.

म्हणून मला चीड येते ती ‘एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा’, ‘सुतकी’, ‘आढ्यतेखोर’ या शेऱ्यांची. ज्याला दिसत नाही त्याला आपण हात धरून रस्ता ओलांडून देतो. ज्याला ऐकू येत नाही त्याच्यावर खेकसतो. आणि मोठ्याने बोलून उपयोग होत नाही. मोठ्याने बोललं की स्वर वाढतात, व्यंजनं जिथल्या तिथेच राहतात. समोर येऊन, तोंड दिसेल असं, सावकाश बोला. याला खर्च काही नाही.

न हसणारा प्रत्येक जण बहिरा असतो असं मला म्हणायचं नाही. कंपवातात चेहऱ्याचे स्नायू ताठरतात, माणूस आतून हसत असतो आणि चेहरा मुखवट्यासारखा राहतो. नैराश्य असतंच. पद्मानगरात घरची भाषा तेलुगू, इतरत्र उर्दू किंवा भोजपुरी. परक्या भाषेतला विनोद कळेपर्यंत हशा संपलेला असतो. ‘मुलीच्या जातीला खिदळणं शोभत नाही’ हे ऐकत वाढलेल्या कितीतरी बायका आजही पदर तोंडाशी नेतात. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार सांगताना स्मित आणि हसित उत्तम लोकांना दिलं, अपहसित आणि अतिहसित अधमांना. मोठ्याने हसण्याला कमी लेखणं आपल्याकडे फार जुनं आहे. अमेरिकेतले रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी उलट बाजूने पाहिलं. माणूस एकटा असतो त्यापेक्षा चारचौघांत सुमारे ३० पट जास्त हसतो, आणि बहुतेक हसणं विनोदावर नव्हे तर साध्या बोलण्यावर येतं, असं त्यांना आढळलं. मोठ्याने हसणं ही मुख्यतः दुसऱ्याला दिलेली हाक आहे. काकांच्या बाबतीत हे वाक्य मला नंतर फार जड पडलं.

आता थोडं माझ्या आवडीच्या वादाबद्दल. माझ्याकडे तिशीतले कामगार येतात, आलेख स्वच्छ, आणि तक्रार अशी की गर्दीत बोललेलं कळत नाही, पिक्चरमध्ये सगळे हसतात तेव्हा मी शेजाऱ्याकडे बघतो. अनेक सहकारी त्यांना ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका’ सांगून घरी पाठवतात. २००९ मध्ये शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांना १०० डेसिबलचा आवाज दोन तास ऐकवला. काही दिवसांत त्यांचा आलेख पूर्ववत झाला, केसपेशीही शाबूत होत्या. पण त्या पेशींना नसेशी जोडणारे सांधे पाहिले तर वरच्या पट्टीच्या भागात जवळजवळ निम्मे कायमचे गेलेले. याला लपलेला बहिरेपणा म्हणतात. तो शांत खोलीत सापडत नाही, गोंगाटातच सापडतो. विरोधक म्हणतात, उंदीर म्हणजे माणूस नव्हे. त्यांचं म्हणणं खोटं नाही. मृत्यूनंतर तपासलेल्या माणसांच्या कानांत वयानुसार अशी झीज दिसली आहे, पण जिवंत माणसात ती निर्विवाद मोजणारी चाचणी अजून नाही, आणि माणसांवरच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. तरी माझं मत पक्कं आहे. दोन तासांत उंदराच्या कानाचं हे होतं, तर बारा तासांच्या पाळीत वीस वर्षं काढलेल्या माणसाला ‘तुमचं काही नाही’ म्हणण्याचा अधिकार मला नाही. मी गोंगाटातली शब्दचाचणी करतेच, जास्त वेळ लागला तरी.

काकांना दोन्ही कानांना यंत्रं दिली. चष्म्याला कोणी लाजत नाही, कानाच्या यंत्राला मात्र घरचेच आधी लाजतात. मुलगी तशी नव्हती. यंत्र जुळायला दोन महिने गेले. मग साप, शाप, थाप वेगवेगळे ऐकू येऊ लागले. मी आनंदात मुलीला म्हणून गेले, “आता न्या नाटकाला, बघा कसे हसतील.”

हे मी बोलायला नको होतं. नाटकाला नेलं. काकांनी सगळं ऐकलं, घरी येऊन निम्मे संवाद म्हणून दाखवले. पण हसण्याचा आवाज नाहीच. मुलगी मला फोनवर म्हणाली, “मॅडम, म्हणजे कान नव्हतेच कारण.” तिचा आवाज उतरला होता. गोळ्या पुन्हा सुरू करू का, असं तिने विचारलं.

मी काकांना एकटं बोलावलं आणि सरळ विचारलं. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “कारखान्यात आवाज काढून काय उपयोग, डॉक्टरीणबाई? कोणाला जाणार तो?”

त्यानंतर मी आवाज मोजायच्या निमित्ताने एका कारखान्यात गेले. आत पाऊल टाकलं की छातीत खडखडाट होतो. सहा-सहा माग सांभाळणारे दोघे, मध्ये दोन ओळींचं अंतर. एक जण तुटलेला धागा जोडून सरळ झाला आणि मुकादमाची नक्कल केली, गाल फुगवून, पोटावर हात फिरवून. दुसऱ्याने मान मागे टाकली, तोंड उघडलं, खांदे गदागदा हलले, तळहात मांडीवर आपटला. मला वाटलं तो खदखदून हसतोय आणि मला ऐकू येत नाहीये. तेवढ्यात लाईट गेली. माग एकेक करत थांबले, शेड एकदम सुन्न झाली. तो अजून हसतच होता. खांदे हलत होते, डोळ्यांत पाणी होतं, आणि घशातून आवाज नव्हता.

इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या कापड गिरण्यांतल्या बायका अशाच ओठांनी आणि हातवाऱ्यांनी बोलत, त्याला मी-मॉइंग म्हणत. त्या घरीही तशाच बोलत, हे मी वाचलं होतं. आमच्या शहरात ते मला कधी दिसलं नव्हतं. मी बावीस वर्षं या माणसांचे कान तपासले, त्यांच्या गळ्याकडे आणि हातांकडे बघितलंच नाही. काकांचा कान सुधारला. आवाजाची सवय पस्तीस वर्षांपूर्वी सुटली होती, आणि ती परत आणायला माझ्याकडे यंत्र नाही. आणायला हवी का, हेही मला ठरवता येत नाही.

मुलीला मी सांगितलं, त्यांच्या चेहऱ्याकडे बघू नका, खांद्यांकडे आणि हातांकडे बघा. गणपतीत सगळे घरी जमले असताना टीव्हीवर विनोदी कार्यक्रम लागला होता. रात्री तिचा फोन आला. आप्पांनी तीनदा मांडीवर थाप मारली, एकदा तर डोळे पुसले. जावयालाही तिने दाखवलं. तो काही बोलला नाही, पण चहाचा कप घेऊन आप्पांच्या शेजारी जाऊन बसला. मग ती जरा थांबली आणि म्हणाली, “पण मॅडम, आवाज कधी येईल?”

मी म्हटलं, शनिवारी त्यांना घेऊन या, यंत्राच्या जाळीत कापसाचे तंतू अडकले असतील तर साफ करून देते.