नामानिराळा नवरा

घरात बायको-मूल, नोकरीत जम बसलेला, आणि बायको दोन दिवस परगावी असताना घडलेली एक रात्र. पुढे ती दुसरी बाई फोन करू लागते, ऑफिसात येऊन बसते, घराच्या आसपास दिसू लागते आणि शेवटी हातात सुरी घेऊन घरात शिरते. अमेरिकन वाहिन्यांनी खास टीव्हीसाठी बनवलेल्या थरारपटांत ही गोष्ट गेली तीसेक वर्षं इतक्यांदा सांगितली गेली आहे की तिचा साचा कुठल्याही पटकथालेखकाला तोंडपाठ असावा. साचा असण्याबद्दल माझी तक्रार नाही. ठरलेल्या चौकटीत काम करणं हा आमच्या धंद्याचाच भाग आहे आणि लिहिणाऱ्याचं कसब तिथेच कळतं. तक्रार आहे ती या साच्यात सगळी मेहनत कुठे खर्च होते याबद्दल. यातली भीती मुळात नवऱ्याच्या खोट्यातून येते. तो जितकं लपवतो तितकीच त्या बाईची ताकद. आणि आपण लिहिणारे मात्र पानामागून पान खर्च करतो ते नवरा कसा बिचारा होता, त्याचा पाय कसा नकळत घसरला हे पटवण्यात. त्याला निर्दोष सोडवलं की गोष्ट अन्यायाची होतेच, पण तिच्यातला थरारही जातो, आणि हा दुसरा तोटा आमच्या लोकांच्या अजून नीट ध्यानात आलेला नाही.

या साच्याचं मूळ 1987च्या ‘फेटल अट्रॅक्शन’मध्ये आहे. तो चित्रपटगृहासाठी बनला, पण बीज छोट्या लांबीचं होतं. जेम्स डिअर्डन यांनी 1980मध्ये ‘डायव्हर्जन’ नावाचा लघुपट केला होता. तोच वाढवून त्यांनी दिग्दर्शक एड्रियन लाइन यांच्यासाठी ही पटकथा लिहिली. लोकांच्या लक्षात राहिला तो चुलीवर उकळणारा ससा आणि शेवटची न्हाणीघरातली झटापट. शिकण्यासारखा प्रसंग मात्र मधला आहे. डॅन गॅलगर या वकिलाने राहता फ्लॅट विकायला काढलाय. एके दिवशी तो घरी येतो, तर त्याची बायको बेथ घर बघायला आलेल्या एका बाईशी बोलत बसलेली आहे, आणि ती बाई म्हणजे जिच्याबरोबर त्याने ती रात्र घालवली ती अ‍ॅलेक्स. कुणी आवाज चढवत नाही, कुणाच्या हातात शस्त्र नाही. बेथ सहजपणे ओळख करून देते आणि डॅनला आपल्याच दिवाणखान्यात, जिला तो पुरता ओळखतो तिच्याशी, परक्या माणसासारखं वागावं लागतं. तिघांपैकी दोघांना सगळं ठाऊक आहे, तिसरी यजमानीण म्हणून आदबीने वागते आहे. या प्रसंगातला सगळा ताण डॅनने पुरवलेला आहे. त्याने बायकोला आधीच सगळं सांगितलं असतं तर अ‍ॅलेक्सला त्या घरात येऊन काहीच साधता आलं नसतं. फार तर बेथने तिला दार दाखवलं असतं.

त्या चित्रपटाचा पहिला शेवट हा हिशेब पुरा करणारा होता. त्यात अ‍ॅलेक्स आत्महत्या करते, पण ज्या सुरीने करते तिच्यावर आधीच्या झटापटीत उमटलेले डॅनच्या बोटांचे ठसे असतात, आणि पोलीस त्याला धरायला येतात. म्हणजे जे तो कुणाला कळू नये म्हणून धडपडत होता तेच पुरावा होऊन त्याच्या दारात उभं राहतं. चाचणी खेळांच्या प्रेक्षकांना हे पचलं नाही. मग नवा शेवट चित्रित झाला: अ‍ॅलेक्स सुरी घेऊन घरात शिरते, डॅन तिला टबात बुडवतो, ती पुन्हा उसळून वर येते आणि बेथ गोळी घालते. अ‍ॅलेक्स साकारणाऱ्या ग्लेन क्लोज यांनी या बदलाला विरोध केला होता, हे त्यांनी पुढे अनेकदा जाहीरपणे सांगितलं आहे. धंद्याच्या दृष्टीने नवा शेवट फळला यात वाद नाही. चित्रपट तुफान चालला आणि त्याला ऑस्करची सहा नामांकनंही मिळाली. पण त्या एका निर्णयाने पुढच्या सगळ्या लेखकांना एक सोयीची वाट दाखवली. पहिले दीड तास ज्याच्या खोट्यावर गोष्ट उभी होती तो शेवटच्या दहा मिनिटांत पीडित झाला, आणि त्याचं निस्तरायचं काम बायकोच्या अंगावर पडलं.

टीव्हीवर येताना हीच वाट आणखी अरुंद झाली, आणि त्याचं कारण तांत्रिक आहे. दोन तासांच्या वेळेत जाहिराती वजा जाता दीड तासाच्या आसपास चित्रपट उरतो आणि तो साधारणपणे सात अंकांत कापलेला असतो. पहिला अंक सर्वांत लांब, अठरा-वीस मिनिटांचा. पुढचे आखूड होत जातात, कारण एकदा प्रेक्षक अडकला की ब्रेक वाढवता येतात. प्रत्येक ब्रेकआधी काहीतरी असं हवं की माणसाने रिमोटला हात लावू नये. आमच्याकडे मालिकांत ज्याला ‘हुक’ म्हणतात तेच हे. आता या आखणीत त्या रात्रीला किती जागा उरते? पहिल्या अंकात सुखी घर दाखवायचं, बाईची एण्ट्री करायची, आकर्षण दाखवायचं, रात्र दाखवायची आणि ब्रेकला जाण्याआधी ती बाई ‘बरी नाही’ याचा इशाराही द्यायचा. दाटीवाटीत कापला जातो तो नेमका एकच क्षण: नवरा हो म्हणतो तो. त्याच्या जागी पाऊस येतो, दारूचा जास्तीचा पेला येतो, तिचा पुढाकार येतो. निवड करणारा माणूस दिसतच नाही, मोहात सापडलेला दिसतो. सहाही हुक मग तिच्या वाट्याला जातात. फोन, पाठलाग, फाडलेला फोटो, शाळेच्या दारात मुलाशी बोलणं, आणि असं करत सुरी. यात एक साधी अडचण आहे. सुरीवर ब्रेक घेतला तर ब्रेकनंतर अर्ध्या मिनिटात तिचा निकाल लावावा लागतो; वार चुकतो, कुणीतरी धावून येतं, आणि ताण संपतो. खोट्यावर ब्रेक घेतला तर तसं होत नाही. नवरा बायकोला म्हणतो की मी त्या शुक्रवारी उशिरापर्यंत ऑफिसात होतो, बायको मान डोलावते, आणि प्रेक्षकाला दिसतं की तिच्या हातातल्या पावतीवर त्याच शुक्रवारची तारीख आहे. जाहिराती संपल्या तरी ती पावती तिच्या हातातच असते. ती विचारेल का, केव्हा विचारेल, हा प्रश्न दोन अंक पुरतो.

लेखक दोष कुणाच्या पदरात घालतो यावर सगळी गोष्ट कशी फिरते, याचा पुरावा अमेरिकन टीव्हीनेच एका आठवड्यात देऊन ठेवला आहे. 19 मे 1992 रोजी न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर सतरा वर्षांच्या एमी फिशरने मेरी जो बटाफुओको यांच्या दाराची बेल वाजवली. आपल्या बहिणीचे तुमच्या नवऱ्याशी संबंध आहेत, असं तिने सांगितलं. बहीण बनावट होती. पुरावा म्हणून तिने आणलेला नवऱ्याच्या गॅरेजचा टी-शर्ट मात्र खराच होता. थोड्याच वेळात तिने गोळी झाडली. मेरी जो वाचल्या, चेहऱ्याला आणि कानाला कायमची इजा घेऊन. 28 डिसेंबरला एनबीसीने आणि 3 जानेवारी 1993ला, एकाच रात्री, सीबीएस आणि एबीसीने याच घटनेवर आपापला चित्रपट दाखवला. एनबीसीने एमीच्या बाजूची कहाणी विकत घेतली होती, सीबीएसने बटाफुओको दाम्पत्याची. गोळी तिन्हींत एकच. सीबीएसच्या चित्रपटात नवऱ्याचे काही संबंधच नव्हते; सगळं त्या पोरीच्या डोक्यातलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो नवरा, जोई बटाफुओको यांनी अल्पवयीन मुलीशी शरीरसंबंध ठेवल्याचा गुन्हा न्यायालयात कबूल केला. संबंध सुरू झाले तेव्हा ती सोळा वर्षांची होती. वर्तमानपत्रांनी जिला पुरुषाला नादी लावणारी ठरवलं ती कायद्याच्या लेखी बळी होती. तिने केलेला गुन्हा यामुळे कमी होत नाही, आणि त्याची शिक्षा तिने भोगली. पण ज्या पटकथेने नवऱ्याला नामानिराळा ठेवला तिच्यात त्या टी-शर्टचं काय करायचं? तो तिच्याकडे आला कसा, हा या प्रकरणातला सर्वांत नाट्यमय प्रश्न. आणि नवरा निष्पाप धरला की तो विचारण्यातच अर्थ उरत नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. एखादी व्यक्ती खरोखरच एकतर्फी पाठी लागते, ज्याच्या पाठी लागते त्याने काहीही केलेलं नसतं, अशी माणसं जगात आहेत आणि त्यांचा छळ खरा असतो. मग निष्पाप नवऱ्याची गोष्ट सांगूच नये की काय? जरूर सांगावी. पण ती सांगतानाही लेखकाला काय करावं लागतं ते बघा. 2009चा ‘ऑब्सेस्ड’ हा चित्रपटगृहातला असला तरी साचा हाच. इद्रिस एल्बा यांनी केलेला नवरा ऑफिसातल्या त्या बाईला एकदाही प्रतिसाद देत नाही. तरीही मध्यावर गोष्टीला वेग येतो तो केव्हा, तर ती बाई त्याच्या हॉटेलच्या खोलीत गोळ्या खाऊन पडलेली सापडते आणि नवऱ्याने हे सगळं इतके दिवस आपल्यापासून लपवलं असं बायकोला कळतं तेव्हा. बियॉन्सेने रंगवलेली ती बायको त्याला घराबाहेर काढते. शरीराने निर्दोष असलेल्या माणसालाही लेखकाला एक खोटं द्यावंच लागलं, कारण त्याशिवाय संसाराला तडा जात नाही, आणि तडा गेला नाही तर बाहेरच्या बाईला आत यायला फट मिळत नाही.

दुसरा आक्षेप वाहिन्यांकडून येतो: बघणाऱ्या बहुतेक बायका असतात, त्यांना शेवटी घर सावरलेलं हवं असतं, दोषी नवरा त्यांना झेपत नाही. हे मला मुळीच पटत नाही. झी मराठीवर 2016 ते 2021 चाललेली ‘माझ्या नवऱ्याची बायको’ थरारक नव्हती, हलकीफुलकी होती, पण तिच्यात गुरुनाथला कुणी बिचारा म्हणून सोडलं नाही. घराघरांतल्या बायका त्याला शिव्या घालत रोज रात्री टीव्हीपुढे बसल्या, आणि साडेचार वर्षं बसल्या. हिंदीत 2001च्या ‘प्यार तूने क्या किया’मध्ये उर्मिला मातोंडकरची रिया भीतिदायक होते, पण ज्याच्यावर तिचं प्रेम बसलं तो विवाहित आहे हे तिला कळायला झालेला उशीर सतत डाचत राहतो, म्हणून तिचा संताप निव्वळ वेड वाटत नाही. उलट बाजूचं उदाहरणही द्यायला हवं. 2023मध्ये ‘फेटल अट्रॅक्शन’ची आठ भागांची मालिका झाली; तिच्यात डॅन खुनाच्या आरोपाखाली पंधरा वर्षं तुरुंगात काढून बाहेर येतो. ती एकाच सीझननंतर बंद पडली. माझ्या मते ती अडखळली ती नवऱ्याला दोषी धरल्यामुळे नव्हे. दोन काळांत ये-जा करताना आणि मनाची कारणमीमांसा सांगताना तिने तो दिवाणखान्यातला ताण हातचा सोडला. खोटं घडत असताना दाखवायचं असतं. पंधरा वर्षांनी त्याची चर्चा केली की त्यातली धग राहत नाही.

स्त्रियांची बदनामी करणारा हा साचाच मोडीत काढावा, असंही काहीजण म्हणतात. त्यांचा राग मी समजू शकते, पण सूड घेणारी स्त्री हे पात्र मला सोडवत नाही. तिचा राग खराच असतो, अनेकदा तिची पहिली मागणी वाजवीही असते. अ‍ॅलेक्स सुरुवातीला काय मागते? आपण गरोदर आहोत आणि या माणसाने जबाबदारी घ्यावी, इतकंच. ही मागणी पटण्याजोगी लिहिली आणि नवऱ्याने ती कशी झटकली हे तितक्याच बारकाईने लिहिलं, तर पुढे ती कितीही भयंकर वागली तरी प्रेक्षक तिच्याकडे नुसतं भूत म्हणून पाहणार नाही. भीती वाढेल, कारण ती आपल्या ओळखीची होईल.

आणि मग बायको. या चित्रपटांत शेवटच्या अंकात तिच्या हाती पिस्तूल किंवा सळई देतात आणि तिची बाजू मांडली असं समजतात. मेरी जो बटाफुओको सुरुवातीची वर्षं नवऱ्याच्या पाठीशी उभ्या राहिल्या, त्याने गुन्हा कबूल केल्यावरही राहिल्या. 2003मध्ये त्यांनी घटस्फोट घेतला, आणि 2009मध्ये आपण त्या संसारात का टिकून राहिलो यावर पुस्तक लिहिलं. त्या तिन्ही चित्रपटांना हे ठाऊक असणं शक्य नव्हतं, पण दारातला तो टी-शर्ट तिघांच्याही हाताशी होता. तो पाहिलेली बायको बरी होऊन घरी येते, नवरा शपथेवर सांगतो की तसं काही नव्हतं, आणि ती त्याच्यावर विश्वास ठेवायचं ठरवते. मी लिहायला बसले तर पहिला ब्रेक तिथे घेईन, आणि उरलेले सहाही अंक त्या घरातच ठेवीन.