सुपरकॉम्प्युटर आपला, पण सही कोणाची?

करडीत (ता. मोहाडी, जि. भंडारा) बसून सुपरकॉम्प्युटर वापरता येतो का? अगदी सहज येतो. ते यंत्र कोणी समोर बसून चालवतच नाही. ते असतं विद्यापीठाच्या थंडगार खोलीत. आपण साध्या लॅपटॉपवरून लॉगिन करायचं, काम रांगेत लावायचं आणि झोपायला जायचं. मोबाईलचं नेट पुरतं. दिवाळीत गावी आलो की मी ओसरीवर बसून हेच करतो.

अडतं ते अर्जापाशी.

माझी पुतणी जिल्ह्यातल्याच एका कॉलेजात एमएस्सीला आहे. ऑगस्ट २०२० चा वैनगंगेचा पूर आमच्याकडे कोणी विसरलेलं नाही. धरणातून किती पाणी सुटलं तर ते कोणत्या गावात कुठवर शिरेल, हे गणित तिला मांडायचंय. नदी आणि काठाचे बारीक चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनात दर काही सेकंदांनी पाणी किती आणि वेग किती ते काढायचं. तेही एकदा नाही, वेगवेगळ्या विसर्गांसाठी शेकडो वेळा. तिच्या जुन्या लॅपटॉपवर एकच गणित दोन दिवस चालतं आणि मध्येच लाईट गेली की पुन्हा पहिल्यापासून. क्लस्टरवर अशी कितीतरी गणितं एकाच वेळी लागतात.

तिने दूरच्या एका विद्यापीठाच्या क्लस्टरसाठी अर्ज केला. संस्थेचा ईमेल हवा, जीमेल चालत नाही. तिच्या कॉलेजात विद्यार्थ्यांना तसा ईमेलच नाही. गाईड त्याच विद्यापीठातला हवा. तोही नाही. अर्ज दोनदा परत आला. म्हणाली, "काका, पूर आपल्या गावात येते जी, अन् कॉम्प्युटर त्यांच्या गावात."

मला पीएचडी करताना असंच खातं तीन दिवसांत मिळालं होतं. त्यात माझी हुशारी काही नव्हती. गाईडने एक ईमेल टाकला होता, बस.

नियम नकोत असं मी म्हणत नाही. मे २०२० मध्ये चोरलेल्या लॉगिनने युरोपातल्या अनेक सुपरकॉम्प्युटरांत शिरकाव झाला, यंत्रं बंद ठेवावी लागली. विजेचं बिलही मोठं असतं. वापरणाऱ्याची जबाबदारी कोणीतरी घ्यायलाच हवी. पण ती प्राचार्यांच्या पत्रावर का घेता येऊ नये?

हा पैसा कोणाचा, तेही बघा. अमेरिकेने हवा तो क्रे सुपरकॉम्प्युटर द्यायला नकार दिला, म्हणून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. त्या कामाचं नेतृत्व करणारे विजय भटकर आपल्या विदर्भातले, अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे. २०१५ मध्ये सरकारने राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनला ४,५०० कोटी रुपये मंजूर केले. त्यातूनच पुण्याच्या आयसरमध्ये 'परम ब्रह्म' आला. धान विकून खताच्या पोत्यावर कर भरणाऱ्याचाही त्यात वाटा आहे.

दार उघडं ठेवता येतं, याचं उदाहरण पुण्यातच आहे. आयुका १९८८ पासून याच विचारावर चालते: महागडी साधनं एका ठिकाणी ठेवायची आणि देशभरच्या विद्यापीठा-कॉलेजांतल्या शिक्षकांना ती वापरू द्यायची. तिथे बाहेरचे प्राध्यापक सहयोगी म्हणून निवडले जातात, येऊन राहतात, संगणक वापरतात. खगोलशास्त्राला जे जमलं, ते पुराच्या अन् धानाच्या अभ्यासाला का जमू नये?

मागणी तीनच गोष्टींची आहे. सरकारी पैशातून उभ्या राहिलेल्या प्रत्येक क्लस्टरवर थोडा वेळ बाहेरच्या कॉलेजांसाठी राखून ठेवा. संस्थेचा ईमेल नसेल तिथे प्राचार्यांचं पत्र माना. आणि जिल्ह्यात एका तरी शिक्षकाला हे शिकवून तयार करा, म्हणजे पोरांना विचारायला कोणी राहील.

विद्यापीठांच्या सिनेटवर असलेले मित्र ही पोस्ट वाचत असतील, तर पुढच्या बैठकीत एवढं मांडा. पुतणीचा अर्ज तिसऱ्यांदा भरून तयार आहे. सहीची जागा तेवढी रिकामी आहे.